मोकळ्या पटांगणाचा हट्ट

“लंडनमध्ये जुन्या चर्चच्या दारात कुणी बांगड्या विकताना दिसतं का?” पंढरपूरच्या कॉरिडॉरची बाजू लढवताना आमच्या एका जवळच्या नातेवाइकांनी घरच्या ग्रुपवर हा प्रश्न टाकला आणि खाली माझं नाव घालून लिहिलं, “हिलाच विचारा, ती तिथेच राहते.” त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की विठ्ठल मंदिराला चिकटलेली घरं, दुकानं, बोळ हटवून काशीसारखं प्रशस्त पटांगण व्हायला हवं. युरोपातली माणसं आपली धर्मस्थळं मोकळी, स्वच्छ आणि जशीच्या तशी ठेवतात, म्हणून जग ती बघायला जातं. आपण मात्र देवाच्या उंबऱ्यावर बाजार मांडलाय. खाली भराभर अंगठे उमटले. पंढरपुरात सलग चार रात्रीही न काढलेली मंडळी त्यात जास्त होती.

विचारलंच आहे तर उत्तर देते. लंडनमधलं जे जुनं चर्च मी सगळ्यात जवळून ओळखते, त्याच्या दारात नऊशे वर्षं बाजार आहे. तिथे घोडे विकले गेले, कापड विकलं गेलं, गुरं विकली गेली, आणि मांस आजही विकलं जातं. हे चर्च मोकळं कधीच नव्हतं, आणि जसंच्या तसं तर मुळीच राहिलेलं नाही.

मी लंडनच्या बार्ट्स रुग्णालयाच्या फार्मसीत काम करते. सकाळी फॅरिंग्डनला उतरायचं, मांस बाजाराच्या मधल्या रस्त्याने स्मिथफील्डच्या गोल बागेपाशी यायचं आणि आठव्या हेन्री राजाच्या पुतळ्याखालच्या दारातून आत शिरायचं. त्या वेळी बाजारातली माणसं रात्रपाळी संपवून डाग पडलेल्या पांढऱ्या डगल्यांत बाहेर उभी असतात. मी माळकरी घरातली. सुरुवातीला त्या वासाने मला मळमळायचं, लांबचा वळसा घेऊन जायचे. आता तो वास नसेल तर बँक हॉलिडे आहे की काय, असं वाटतं. या गोल बागेच्या एका अंगाला दोन घरांच्या मध्ये एक अरुंद दगडी कमान आहे आणि कमानीवर लाकडी चौकटीचं छोटंसं घर. आत सेंट बार्थोलोम्यू द ग्रेट. रस्त्यावरून चर्च जवळजवळ दिसतच नाही. माझ्यासोबत आलेले पाहुणे दर वेळी कमानीसमोर उभं राहून विचारतात, चर्च कुठे आहे?

रेहिअर नावाच्या माणसाने ते बांधलं. पहिल्या हेन्री राजाच्या दरबारात त्याची ऊठबस असे. तो रोमला यात्रेला गेला, तिथे आजारी पडला, आणि बरा होऊन परतलो तर गोरगरिबांसाठी रुग्णालय बांधीन असा नवस बोलला. परतीच्या वाटेवर संत बार्थोलोम्यूने दर्शन देऊन स्मिथफील्डलाच चर्च बांध असं सांगितलं, अशी मठाची परंपरा. ११२३ मध्ये त्याने दोन्ही उभं केलं, मठाचं चर्च आणि रुग्णालय. तेच आमचं रुग्णालय. त्याच जागेवर आजतागायत चालू आहे. त्याने निवडलेली जागा मात्र नीट बघा. नगराच्या तटाबाहेरची, पाणथळ, शुक्रवारी घोड्यांचा बाजार भरायचा ती, आणि जिथे गुन्हेगारांना फाशी दिलं जायचं ती. एकांत हवा असता तर त्या काळात लंडनभोवती कोसच्या कोस रान होतं. त्याने बाजार निवडला.

दहा वर्षांत, ११३३ मध्ये, राजाने मठाला जत्रेची सनद दिली. ऑगस्टमध्ये संताच्या सणाला जत्रा भरायची, आणि तिचा कर मठाला मिळायचा. इंग्लंडभरचे कापडवाले यायचे. मठाच्या आवाराच्या आत, चर्चच्या भिंतीलगत, कापडाच्या राहुट्या लागायच्या. आज त्या जागी जी गल्ली आहे तिचं नावच क्लॉथ फेअर. म्हणजे देवाच्या दारात दुकानं नंतर घुसली असं इथे घडलेलं नाही. दुकानांच्या पैशावर मठ जगला, मठाच्या सणावर दुकानं जगली. पंढरपुरात बुक्का, अष्टगंध, तुळशीमाळा, टाळ, चुरमुरे विकणाऱ्यांना ‘अतिक्रमण’ म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं, की वारी आधी आली की माळकऱ्याला माळ विकणारा आधी आला? दोघं एकाच वाटेने आले.

मंदिराभोवतीची गर्दी म्हणजे घाण आणि गलिच्छपणा, हाही मुद्दा त्या मजकुरात होता. स्मिथफील्डच्या इतिहासात याहून भयंकर गोष्टी आहेत, आणि लंडनने त्या पुसलेल्या नाहीत. १३०५ मध्ये स्कॉटलंडचा लढवय्या विल्यम वॉलेस याला इथेच हालहाल करून मारलं. १३८१ च्या शेतकरी बंडात बंडाचा पुढारी वॉट टायलर राजाशी बोलायला इथेच आला, लंडनच्या मेयरने त्याला भोसकलं, जखमी अवस्थेत त्याला आमच्या रुग्णालयात आणलं, आणि तिथून ओढून बाहेर नेऊन त्याचं डोकं उडवलं. धर्माच्या नावाने जिवंत जाळलेली माणसं तर किती. १८४९ मध्ये चर्चच्या दारासमोर गटारासाठी खोदकाम झालं तेव्हा जळलेले दगड आणि हाडं निघाली. वॉलेसची पाटी आज आमच्या रुग्णालयाच्या भिंतीवर आहे, हुतात्म्यांची पाटीही. लोक तिथे फुलं ठेवतात. मी जेवणाच्या सुट्टीत तिथून जाते, आणि दर वेळी मला चोखोबा आठवतात.

चोखोबांना मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, रस्त्यात, गर्दीत, दाराबाहेर. पंढरपूरचा जो इतिहास मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो दाराबाहेरचा आहे. नामदेवांची पायरी दारातली, चोखोबांची समाधी दाराबाहेरची. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी प्राणांतिक उपोषणाला बसले ते गावातल्या तनपुरे महाराजांच्या मठात. हे सगळं गाभाऱ्यात घडलेलं नाही, गावात घडलं. गाभारा तेवढा राखून गाव सपाट केलं, तर राखलं काय? चोखोबांची समाधी कुणी हलवणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिच्याभोवतीचा रस्ता गेला, ज्या दाटीत ती उभी आहे ती दाटी गेली, की फरसबंदीवर कठड्यात ठेवलेली एक वस्तू उरेल. बाहेर ठेवलेल्या माणसाची ती जागा आहे, हे कुणाला जाणवणार नाही.

आता ‘जशीच्या तशी’ या शब्दांकडे येते, कारण त्या मजकुरात मला सगळ्यात जास्त तेच बोचले.

१५३९ मध्ये आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केला. साधूंना निवृत्तिवेतन देऊन घरी पाठवलं. पुढे चर्चचा लांबलचक पश्चिम भाग पाडून टाकला आणि १५४४ मध्ये मठाची मालमत्ता रिचर्ड रिच नावाच्या सरकारी माणसाने हजार पौंडांहून थोडी जास्त किंमत मोजून विकत घेतली. याच रिचने, आपण प्रोटेस्टंट विचार सोडणार नाही म्हणणाऱ्या अ‍ॅन अ‍ॅस्क्यू या तरुण स्त्रीला टॉवर या लंडनच्या किल्ल्यात यातनायंत्रावर ताणलं, आणि १५४६ मध्ये तिला स्मिथफील्डमध्ये, याच चर्चसमोर, जाळलं. त्याच्या वंशजांनी जत्रेच्या मोकळ्या जागेवर घरं बांधली, भाडी घेतली, जत्रेचा नफा खाल्ला. सत्ता धर्मस्थळाच्या आसपासची जमीन ताब्यात घेते तेव्हा काय होतं, हे बघायला मला कुठे लांब जावं लागत नाही.

मग अर्धं चर्च वाचलं कसं? वाचलं ते आवारात राहणाऱ्या माणसांमुळे. मठाच्या हद्दीत भाडेकरू होते, नोकर होते, कारागीर होते, आणि त्या मोठ्या चर्चच्या एका बाजूला त्यांच्या उपासनेची जागा होती. मठ गेला तरी ही माणसं गेली नव्हती. त्यांना पॅरिश चर्च, म्हणजे आपल्या वस्तीचं चर्च, हवंच होतं. म्हणून साधू जिथे गायचे तो पूर्वेकडचा भाग, रेहिअरच्या काळातल्या त्या जाडजूड गोल खांबांसकट, रहिवाशांसाठी ठेवला गेला. कमानीतून आत शिरलं की आपण ज्या उघड्या अंगणातून चालतो, तिथे पूर्वी चर्चचं छप्पर होतं. रस्त्यावरची ती कमान म्हणजे पाडलेल्या भागाचं एक दार. राजाला ती इमारत नको होती, सरदाराला जमीन हवी होती. चर्च हवं होतं ते फक्त शेजाऱ्यांना. ही गोष्ट मला पंढरपूरच्या प्रत्येक सभेत जाऊन सांगावीशी वाटते.

त्यानंतरची साडेतीनशे वर्षं ऐकून आमचे नातेवाईक कानांवर हात ठेवतील. वेदीच्या मागचं मेरीचं देवघर लोकांनी राहायला घेतलं. पुढे तिथे छापखाना आला. १७२५ मध्ये तरुण बेंजामिन फ्रँकलिन तिथे खिळे जुळवण्याचं काम करायचा. मग त्याच जागी झालरी आणि गोंडे बनवायचा कारखाना आला, आणि तो इतका वाढला की त्याचा मजला थेट वेदीच्या वर, चर्चच्या आत आला. उत्तरेच्या बाजूला लोहाराची भट्टी होती. तिच्या धुराने भिंत काळी झाली. साधू जिथे जप करत फिरायचे त्या ओवरीत घोडे बांधलेले. वरच्या सज्जात मुलांची शाळा. १६२८ मध्ये विटांचा बुटका मनोरा बांधला, कारण दगडाचा बांधायला पैसे नव्हते असंच तो बघून वाटतं. चित्रकार विल्यम होगार्थ याच आवारात जन्मला आणि १६९७ मध्ये याच चर्चमधल्या दगडी कुंडात त्याचा बाप्तिस्मा झाला. ते कुंड अजून वापरात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिशने एकेक तुकडा परत विकत घेतला. कारखान्याला मोबदला दिला, लोहाराला दिला, आणि अ‍ॅस्टन वेब या वास्तुविशारदाकडून चर्च दुरुस्त करून घेतलं. दुरुस्त म्हणजे बाहेरून गारगोटी आणि पांढऱ्या दगडाची चौकडी लावली, ती पूर्वी कधीच नव्हती. आज पर्यटक जे बघतात त्यात बाराव्या शतकातले खांब, पंधराव्या शतकातली रेहिअरची समाधी, सोळाव्या शतकातली मठाधिपती बोल्टनची खिडकी, सतराव्या शतकाच्या विटा आणि व्हिक्टोरियाच्या काळातली गारगोटी असं सगळं एकत्र आहे. कुणी त्यातलं एक शतक निवडून बाकीची खरवडली नाहीत.

पंढरपूरला २०२४ मध्ये मंदिरातल्या अलीकडच्या फरश्या, संगमरवर काढून जुना दगड उघडा केला, त्याचं मी मनापासून स्वागत केलं. काम चालू असताना तळघर सापडलं, त्यात मूर्ती निघाल्या, तेव्हा रात्री उशिरापर्यंत मी फोनवर बातम्या बघत होते. तो दगड बघताना डोळे भरून आले. पण काळ्या दगडाचं प्रेम वेगळं आणि भोवतालच्या माणसांना कचरा समजणं वेगळं. काशीमध्ये कॉरिडॉरसाठी तीनशेहून जास्त मालमत्ता घेतल्या, तेव्हा घरांच्या आत दडलेली कितीतरी लहान देवळं सापडली. कौतुकाने सांगतात, की घरांनी देवळं गिळली होती, आम्ही ती सोडवली. झालरींच्या कारखान्याने मेरीचं देवघर गिळलं होतं, असंही म्हणता येईल. मी म्हणते, त्या भिंती कुणाच्या तरी उपयोगाच्या होत्या म्हणून उभ्या राहिल्या. चर्चचा जो पश्चिम भाग कुणाच्याच उपयोगाचा उरला नव्हता, तो आज आकाशाखाली आहे.

इथे एक प्रामाणिक हरकत कुणी घेईल: लंडननेही पाडापाडी केली आहे. केली, आणि याच गल्लीत केली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नगरपालिकेने आरोग्याचं कारण देऊन क्लॉथ फेअरमधली सोळाव्या-सतराव्या शतकातली लाकडी घरं ओळीने पाडली. सज्जे एकमेकांना टेकतील इतकी ती जवळ होती, असं जुन्या छायाचित्रांत दिसतं. १९२९ मध्ये शेवटून उरलेल्या घरांपैकी एकावर, क्रमांक ४१-४२ वर, धोकादायक म्हणून गदा आली. हे घर १६६६ ची मोठी आग सोसून उभं राहिलेलं. सीली आणि पॅजेट या दोन तरुण वास्तुविशारदांनी ते विकत घेतलं, दुरुस्त केलं आणि स्वतः तिथे राहायला गेले. पुढे त्यांनी शेजारची घरंही वाचवली, आणि क्रमांक ४३ मध्ये कवी जॉन बेटजेमन राहायला आले, ज्यांनी पाडापाडीविरुद्ध उभा देश हलवला. आज मार्गदर्शक छत्री उंच धरून पर्यटकांना त्या एका घरासमोर उभं करतो. ओळ गेली, म्हणून एक उरलेलं घर दाखवायची वस्तू झालं. लंडनकडून काही शिकायचं असेल तर हे शिकावं. त्यांनी जे पाडलं त्याचा त्यांना आता पश्चात्ताप होतो आणि जे चुकून राहिलं त्याचा अभिमान वाटतो.

गर्दीच्या सुरक्षेचं म्हणाल, तर त्यावर मी वाद घालणार नाही. आषाढीला चेंगराचेंगरीची भीती खरी आहे, रुग्णवाहिका आत जायला वाट हवी, बायकांसाठी स्वच्छतागृहं हवीत, हे रुग्णालयात काम करणाऱ्या माणसाला कुणी समजवायला नको. त्यासाठी करायच्या गोष्टी आहेत आणि त्या करा. पण वर्षात चार मोठ्या वाऱ्यांना येणारी गर्दी दाखवून उरलेल्या सगळ्या दिवसांचं गाव पुसायचं, हे मला पटत नाही. स्मिथफील्डची जत्राही दंगामस्ती होते म्हणून १८५५ मध्ये कायमची बंद केली. त्याच वर्षी जिवंत गुरांचा बाजार गावाबाहेर हलवला. मग १८६८ मध्ये लोखंडी छपराचा मांस बाजार आला, आणि आता तोही इथे बंद करायचं ठरलं आहे. शेजारच्या जुन्या बाजार-इमारतीत लंडन म्युझियम येतं आहे. बाजाराच्या इमारतीत संग्रहालय! मला ते बघून बरं वाटायला हवं. वाटत नाही. डागाळलेले डगले गेल्यावर ही जागा कशी असेल याचा विचार मी टाळते.

हे लिहिताना माझ्या लक्षात येतं आहे की स्मिथफील्डसाठी मला जे वाटतं ते मालकीणीसारखं वाटतं. माझ्याकडे कुणी भारतातून आलं की मी त्यांना राजाच्या राजवाड्याला नेत नाही, इथे आणते. कुंड दाखवते, बोल्टनची खिडकी दाखवते, खांबावर हात ठेवायला लावते. संध्याकाळच्या प्रार्थनेला मागच्या बाकावर बसते. गळ्यात तुळशीची माळ असते, कुणी कधी काही विचारलं नाही. उलट चर्चमधल्या एका वृद्ध बाईंनी एकदा मी कुठे राहते ते विचारलं, आणि सांगितलं, की मग तुमचं पॅरिश आमचं नव्हे, तुमच्या भागातलं ते. माझा धर्म त्यांनी विचारला नाही, पत्ता विचारला. इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यात हे असं आहे. तुम्ही ज्या पॅरिशमध्ये राहता ते तुमचं. चर्चला कधी गेला नसाल तरी तिथे लग्न लावून घ्यायचा हक्क तुम्हाला आहे. तो हक्क मुख्यतः राहण्याने येतो.

आणि हा नियम मला खरा वाटत असेल, तर पंढरपूरबद्दल मी काय बोलायचं?

आमचं घर प्रदक्षिणा मार्गाजवळच्या बोळात आहे. खाली रस्त्याकडेला भाडेकरूंचं बुक्का-कुंकवाचं दुकान, मागे चौक, वर माडी. आषाढीला मराठवाड्यातल्या एका दिंडीची माणसं माडीवर उतरतात. आजोबांच्या वेळेपासून उतरतात. एरवी माडीला कुलूप. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर चुलत्यांच्या मुलांसोबत माझंही नाव आहे. उद्या भूसंपादनाची नोटीस आली तर संमती माझ्याकडेही मागतील, मोबदल्याचा हिस्सा मलाही मिळेल. दुकान चालवणाऱ्या काकांचं नाव उताऱ्यावर नाही. त्यांचं अख्खं आयुष्य त्या ओट्यावर गेलं. दिंडीच्या माणसांचं नाव तर कुठेच नाही. पण चोखामेळ्याच्या समाधीपासून आमच्या दारापर्यंत डोळे मिटून चालत येता येईल, असं त्यांच्यापैकी कुणीही म्हणू शकतं. मला नाही येणार. मला ते क्लॉथ फेअरमध्ये येतं.

हे लिहायला जड जातं. पंढरपूरचं म्हणून मी इथे स्वतःची ओळख करून देते. मुलांना सांगते, आपण विठोबाच्या गावचे. एकादशीला इथल्या मंडळात अभंग म्हणते तेव्हा आवाज आपोआप भरून येतो, आणि त्या क्षणी मला कुणी सांगितलं की तू तिथली नाहीस, तर मी भांडेन. तरी खरं हेच आहे की पंढरपूर माझ्यासाठी आठवण आहे, आणि आठवणीतलं गाव पाडता येत नाही. ते इथून हलणार नाही. पाडलं जाईल ते दुसऱ्यांचं. ग्रुपवर अंगठे देणाऱ्यांचंही तसंच. त्यांचं पंढरपूर म्हणजे वर्षातून एकदा दर्शनाच्या रांगेत होणारा त्रास. तो त्रास कमी व्हावा म्हणून ते घरं पाडायला निघाले आहेत, आणि मी आठवण जपावी म्हणून घरं वाचवायला निघाले आहे. रोज सकाळी त्या बोळात शटर वर करणाऱ्या माणसाला आमच्यापैकी कुणीच विचारलेलं नाही.

म्हणून दोन गोष्टी ठरवल्या आहेत, आणि त्या नातेवाइकांना आजच कळवते. पहिली, ज्या प्रश्नात माझं नाव घातलं त्याचं उत्तर: हो, लंडनमध्ये जुन्या चर्चच्या दारात बाजार असतो, होता, आणि ज्या रहिवाशांनी तो चालवला त्यांनीच चर्च वाचवलं, तेव्हा पंढरपूर पाडण्यासाठी लंडनचा दाखला यापुढे देऊ नये. दुसरी, संमतीचा कागद माझ्यापर्यंत आला तर मी एकटीने सही करणार नाही. दुकानातल्या काकांना आणि त्या बोळातल्या राहत्या घरांना काय हवं ते आधी लेखी मागवावं. त्यांना जायचं असेल, मोबदला पटत असेल, नव्या जागी धंदा बसेल असं वाटत असेल, तर माझी हरकत नाही. माझ्या वाट्याची रक्कम काकांच्या नव्या दुकानासाठी द्यावी. त्यांना राहायचं असेल तर माझी सही मिळणार नाही, मग भावंडं कितीही रागावोत. आणि आषाढीच्या आधी माडीचं कुलूप काढून छपराची कौलं फेरून घ्या, दिंडीची माणसं येतील. खर्च मी पाठवते.